‘डिस्को डान्सर’ची हाक



लोकपरंपरा आणि आजची भाषा या विषयावर बोलायचे म्हटल्यावर मी गोंधळ, भारूड, दंडार यांच्याकडे वळेन, अशी आपली अपेक्षा असणार. तिकडे मी येणारच आहे, पण थोड्या आडवाटेने. आज मला एका हिंदी चित्रपटाच्या गाण्यांकडे पुन्हा पाहायचे आहे. चित्रपट ‘डिस्को डान्सर’, साल १९८२. दिग्दर्शक बब्बर सुभाष, नायक मिथुन चक्रवर्ती, संगीत बप्पी लाहिरी यांचे आणि गीते प्रामुख्याने अनजान यांची.

ही निवड करण्याचे कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, कुठेही जा. वरातीपुढे धुमाल पार्टी असेल तर रात्री केव्हातरी ‘जिमी जिमी’ची सुरावट निघतेच. गाणारा कोणी नसतो. बँजो नाहीतर की-बोर्ड चाल धरतो आणि त्याखाली ढोल घुमतो. नाचणाऱ्यांत पोवारी बोलणारे असतात, मराठी, हिंदी, गोंडी बोलणारेही असतात. चित्रपट आला तेव्हा ज्यांचे आईवडील शाळेत जात होते, अशी मुले त्यांत सर्वांत पुढे असतात. त्या काळातली कितीतरी सुंदर गाणी आता आठवणीपुरती उरली. हे मात्र अजून पायांत आहे. ते का, हा आजचा प्रश्न.

पहिले उत्तर तालात आहे. डिस्कोत चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच ठोका पडतो, मिनिटाला साधारण १२० ठोके. आपल्या तालात सम असते, खाली असते. केरव्याच्या आठ मात्रांतही वजन कमीजास्त होते आणि जाणकार समेची वाट पाहतो. डिस्कोत खाली नाही. प्रत्येक ठोका जणू समच. त्यामुळे उशिरा आलेल्याला कुठूनही आत शिरता येते आणि आपण चुकलो असे वाटत नाही. शिवाय या चार ठोक्यांवर केरवा सहज बसतो. आपल्या ढोलवाल्यांना हा ताल परका वाटला नाही, तो यामुळे.

या खुलेपणाला इतिहास आहे. हे संगीत १९७० च्या दशकात न्यू यॉर्कच्या नृत्यगृहांत वाढले ते कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी लोकांमध्ये, म्हणजे ज्यांना इतर ठिकाणी मोकळेपणाने नाचता येत नव्हते अशांमध्ये. १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने ते जगभर नेले. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोट करून उडवण्यात आल्या. तिकडे ओहोटी लागली तेव्हा आपल्याकडे भरती आली. १९८० मध्ये ‘कुर्बानी’त बिद्दू यांच्या संगीतावर नाझिया हसन गायल्या, पुढल्या वर्षी त्यांचा ‘डिस्को दीवाने’ आला आणि त्यामागून मिथुन.

पण ताल तर त्या वेळच्या असंख्य गाण्यांत होता आणि त्यांतली बहुतेक विसरली गेली. म्हणून दुसरे उत्तर शब्दांत शोधावे लागते. माझा प्रबंध लोकगीतांतील ध्रुवपदांवर होता, तेव्हा ही वाट माझ्या ओळखीची आहे. या गाण्यांची ध्रुवपदे शेजारी मांडून पाहा. ‘जिमी जिमी जिमी आजा’मध्ये नायिका नायकाला नावाने हाक मारते. ‘कृष्णा धरती पे आजा तू’ या गाण्यात देवाला पृथ्वीवर बोलावले आहे. दोन्हींचे व्याकरण एकच : संबोधन आणि आज्ञार्थ. नाव घ्यायचे आणि ‘ये’ म्हणायचे. ‘औवा औवा’ला तर अर्थच नाही, ती नुसती आरोळी. शीर्षकगीतात नायक आपली ओळख सांगतो आणि ‘डिस्को’ या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांची फोड करून प्रत्येकाला अर्थ चिकटवतो. अक्षरांशी असा खेळ आपल्या शाहिरांनाही आवडायचा.

आता गोंधळ आठवा. गोंधळी आरंभी काय करतो? तुळजापूरच्या भवानीपासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत एकेका देवाचे नाव घेतो, त्याचे गाव घेतो आणि गोंधळाला येण्याचे आमंत्रण देतो. तेथेही संबोधन आणि आज्ञार्थच. संबळाच्या साथीत ती नावे ऐकताना श्रोत्याला कथा माहीत असण्याची गरज नसते. आपल्या गावचा देव आला की तो मान डोलावतो आणि गोंधळात सामील होतो.

चित्रपटातही ‘जिमी जिमी’ची जागा अशीच मोक्याची आहे. विजेचा प्रवाह सोडलेल्या गिटारीने नायकाच्या आईचा जीव घेतला आहे. त्यानंतर त्याला गिटार हातात धरवत नाही. भर सभेत तो थिजून उभा आहे आणि नायिका त्याला पुन्हापुन्हा बोलावते आहे. दुःखाने ज्याची कला गेली, त्याला नाव घेऊन परत आणण्याचा तो प्रयत्न आहे. नाचताना हे कुणाच्या ध्यानात नसेल, पण त्या हाकेतली निकड सुरांत उतरली आहे.

या चित्रपटाचे लेखन राही मासूम रझा यांचे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते चमकतात. ‘आधा गाँव’ लिहिणारा कादंबरीकार, पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’चे संवाद लिहिणारा, आणि मध्ये हा ‘डिस्को डान्सर’! आख्यानाची जाण असलेल्या माणसाला हाकेचे मोल कळणारच.

यात मराठी गळेही आहेत. काळ्यागोऱ्यांचा भेद नाकारणारे गाणे सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर यांनी म्हटले आहे. ‘पिंजरा’च्या लावण्या गाणारा उषाताईंचा आवाज याच तबकडीवर सापडतो. कृष्णाला बोलावणारा आवाज नंदू भेंडे यांचा. रंगभूमीवरच्या आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा रॉक संगीतातही रमला आणि नाटकातही. त्रिनिदादच्या पार्वती खान, उषा उत्थुप, विजय बेनेडिक्ट हे इतर आवाज. एवढ्या वेगवेगळ्या मुलखांचे उच्चार एका तबकडीवर क्वचित भेटतात.

आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. ‘जिमी जिमी’ची चाल ओतावान या फ्रेंच जोडीच्या १९८० च्या गाण्यावरून आली, ‘औवा औवा’ची बगल्स यांच्या १९७९ च्या गाण्यावरून. उसनवारी आपल्याला नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून संगीत नाटकाने लावणी, साकी, दिंडी, बंदिशी, कानडी पदे, जे गोड लागले ते घेतले. फरक एका लहानशा ओळीचा आहे. आपल्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे नाव देण्याची रीत होती. देणे कुणाचे लागतो, ते वाचकाला कळे. चित्रपटाच्या तबकडीने ती रीत पाळली नाही. हा दोष धरावाच लागेल. तरीही चाल उसनी असली तरी हाक उसनी नव्हती. ती इथली होती.

म्हणूनच ती दूर गेली. सोव्हिएत संघात हा चित्रपट सुमारे ६ कोटी लोकांनी पाहिला. २००७ मध्ये एम.आय.ए. या ब्रिटिश गायिकेने ‘जिमी’ नव्याने म्हटले. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. कोविडच्या टाळेबंदीत घरात कोंडलेले लोक रिकामी भांडी दाखवत या गाण्यावर चित्रफिती करू लागले. कारण ‘जिमी’शी जुळणाऱ्या उच्चाराचा मंदारिन भाषेत अर्थ होतो ‘तांदूळ उसना द्या’. चिन्नोर तांदळाच्या आपल्या जिल्ह्यात बसून मला हे वाचताना गलबलून आले. ज्यांना हिंदीचा एक शब्द येत नव्हता, त्यांनी त्या हाकेत आपली भूक घातली. गाण्याचे संगीतकार त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आज माझ्या वर्गात अशी मुले आहेत ज्यांची आजी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देतात. त्यांना मराठी समजते, पण बोलण्याची भीती वाटते. चूक झाली तर हसतील, ही भीती. आपल्या कार्यक्रमांत आपण त्यांना काय देतो? भाषण, शुद्धलेखन स्पर्धा, कविसंमेलन. सगळीकडे समेवर अचूक येण्याची अट. मग ती मुले मागच्या रांगेत बसतात आणि निघून जातात.

मी वर्गात एक साधा प्रयोग करते. भारूड शिकवताना पहिले दोन तास अर्थ सांगत नाही. ध्रुवपद तेवढे मुलांच्या तोंडी देते आणि बाक वाजवू देते. तिसऱ्या तासाला तीच मुले विचारतात, ‘मॅडम, याचा मतलब काय?’ प्रश्न अर्धा हिंदीत असतो. मी उत्तर मराठीत देते.

याला मर्यादा आहे, हेही मान्य करू. ‘जिमी जिमी’वर नाचणारा चिनी माणूस हिंदी शिकला नाही. हाकेने माणूस दारापर्यंत येतो; आत आख्यान नसेल तर माघारी फिरतो. गोंधळी देव बोलावून थांबत नाही, पुढे रात्रभर कथा सांगतो. आपल्याजवळ कथा भरपूर आहेत. हाक मारणे आपण सोडले आहे.

म्हणून अकादमीला माझी विनंती आहे. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दंडार करणारे जे गट उरले असतील, त्यांची ध्रुवपदे ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. आणि वर्षातून एक संध्याकाळ जिल्ह्याच्या गावी अशी ठेवावी की जिथे खुर्च्या कडेला असतील, धुमाल पार्टी असेल, ध्रुवपद मराठी असेल आणि उच्चार कसाही असलेल्या पोराला त्यात शिरता येईल. व्याख्यान त्यानंतर ठेवा. ते द्यायला मी येईन.