आजारी खत-कारखाने आणि त्यांचा पुनरुद्धार

पावसाळा तोंडावर आला कीं करवीर, शिरोळ, हातकणंगले या बाजूच्या ऊस-बागाईतदारास दोन गोष्टींची चिंता लागते: एक पावसाची व दुसरी युरियाच्या पोत्याची. पहिलीपुढें कोणाचा इलाज नाहीं. दुसरी मात्र सर्वस्वीं माणसाच्या हातची आहे. तरी पोतें वेळेवर मिळत नाहीं ही तक्रार माझे जुने विद्यार्थी मला दरसाल ऐकवितात. शहरांत राहणाऱ्या आपणांस वाटेल, याच्याशीं आपला काय संबंध? संबंध असा, कीं 45 किलोंच्या त्या पोत्यास शेतकरी 242 रुपये आणि वर कडुनिंबाच्या लेपाचा व कराचा थोडा खर्च देतो. खरा उत्पादनखर्च याच्या कित्येक पट असतो, आणि मधली तूट सरकारी तिजोरींतून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशांतून, भरली जाते. 2022-23 सालीं खतांवरील ही मदत सुमारें अडीच लक्ष कोटी रुपयांवर गेली होती. तेव्हां हें खत करणारे सरकारी कारखाने कां बुडाले व त्यांस पुन्हां उभें करण्यासाठीं काय झालें, हें पाहणें आपणां सर्वांसच अगत्याचें आहे.

या कथेचा आरंभ धनबादजवळच्या सिंदरी येथें होतो. 1943 च्या बंगालच्या दुष्काळानें सरकारचे डोळे उघडले, आणि 31 ऑक्टोबर 1951 रोजीं सिंदरीस अमोनियम सल्फेट तयार होऊं लागलें. पण योजना आंखली तेव्हां जिप्सम पंजाबांतील खेवड्याच्या खाणींतून यावयाचें होतें. फाळणी झाली, खेवडें पाकिस्तानांत गेलें, आणि जिप्सम राजस्थानांतून आणावें लागलें. कच्च्या मालाचें दुर्दैव या धंद्याच्या मागें तेव्हांपासूनच लागलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पुढें 1961 सालीं भारतीय खत निगम स्थापन झाला. मुंबईजवळचा तुर्भ्याचा कारखाना त्याचाच. 1978 सालीं या मोठ्या कुटुंबाची वांटणी झाली. सिंदरी, गोरखपूर, रामगुंडम व तालचेर मूळ निगमाकडे राहिलीं. बरौनी, दुर्गापूर, हल्दिया व आसामांतील नामरूप हिंदुस्थान फर्टिलायझरकडे गेलीं. आणि तुर्भें राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नव्या कंपनीच्या वांट्यास आलें. ‘सुफला’ व ‘उज्ज्वला’ या नांवांच्या गोण्या आपल्याकडील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीच्या आहेत. त्या याच कंपनीच्या.

आतां गंमत पहा. धनी एकच, म्हणजे सरकार. कायदे तेच, मंत्रालय तेंच. तरी 1992 सालीं पहिल्या दोन कंपन्या ‘आजारी’ ठरल्या, आणि 2002 सालीं नामरूप वेगळें काढून त्यांचे बाकीचे कारखाने बंद करण्याचा निर्णय झाला. मुंबईची कंपनी मात्र जिवंत राहिली. एवढेंच नव्हे, तर 1985 च्या सुमारास तिनें अलिबागेजवळ थळ येथें दुसरा प्रचंड कारखाना चालू केला. सरकारी म्हटलें कीं बुडायचेंच, असें आपल्याकडे दिवाणखान्यांत बसून सहज बोललें जातें. थळकडे पाहिल्यास तें खरें ठरत नाहीं.

मग भेद कशाचा? मुख्यतः कच्च्या मालाचा. युरियास लागणारा नायट्रोजन हवेंतून फुकट मिळतो. हायड्रोजन मात्र विकत घ्यावा लागतो. थळला तो मुंबईच्या समुद्रांतील बॉम्बे हायच्या वायूपासून मिळाला. गोरखपूर व बरौनी नाफ्त्यावर चालत, तर रामगुंडम व तालचेर दगडी कोळशावर. नाफ्ता महाग, कोळशाचा वायु करण्याची रीत आपल्या राखेनें भरलेल्या कोळशास मानवली नाहीं, आणि विजेचा खंड पडे तो निराळाच. त्यांत किंमतीचा हिशेब आला. मराठे समितीच्या शिफारशीवरून 1977 सालीं ठरलेल्या पद्धतींत प्रत्येक कारखान्यास त्याचा खर्च व वर शेंकडा 12 नफा मिळे. मात्र कारखाना 80 टक्के क्षमतेनें चालतो असें धरून. जो तितका चालला त्याचें भलें झालें. जो अडखळत निम्मा चालला, त्याची तूट दरवर्षीं वाढत गेली, दुरुस्तीस पैसा उरला नाहीं, आणि दुरुस्ती नाहीं म्हणून तो आणखी कमी चालला. गोरखपूर 1990 च्या जूनमध्यें अपघातानंतर थांबलें तें थांबलेंच. हल्दियाची कथा तर ऐकवत नाहीं: तेथें यंत्रें उभीं राहिलीं, माणसें नेमलीं गेलीं, पण व्यापारी उत्पादन कधींच झालें नाहीं.

पुनरुद्धाराचा विचार पुढें पुष्कळ वर्षें कागदावर राहिला. 2013 सालीं सरकारनें खत निगमाचें 10 हजार कोटींहून अधिक कर्ज व व्याज माफ केलें, तेव्हां वाट मोकळी झाली. रामगुंडमसाठीं 2015 सालीं आणि गोरखपूर, सिंदरी व बरौनीसाठीं 2016 सालीं संयुक्त कंपन्या निघाल्या. दुसरींत कोल इंडिया, एन.टी.पी.सी. व इंडियन ऑईल या सधन सरकारी कंपन्यांनीं भांडवल घातलें. रामगुंडम 2021 मध्यें चालू झालें, गोरखपूरचें उद्‌घाटन त्याच वर्षीं डिसेंबरांत झालें, बरौनी व सिंदरींतून 2022 मध्यें युरिया निघूं लागला. प्रत्येकाची वार्षिक शक्ति 12.7 लक्ष टनांची. देशांतील युरियाचें उत्पादन 2014-15 सालीं 225 लक्ष टन होतें, तें 2023-24 मध्यें 314 लक्ष टनांवर गेलें, त्यांत या चौघांचा वांटा मोठा आहे.

हें यश लहान नाहीं. परंतु ‘पुनरुद्धार’ हा शब्द मला थोडा खटकतो. जुन्या कारखान्याची जागा व नांव राहिलें. यंत्रें नवीं, कंपनी नवी, आणि जुने कामगार तर 2002 च्या सुमारासच स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन घरीं गेलेले. शिवाय नव्या कारखान्यांस नळानें येणारा वायु देशांतच पुरेसा निघत नाहीं. बराचसा द्रवरूपानें परदेशांतून जहाजांत येतो. 2022 सालीं युक्रेनचें युद्ध पेटतांच वायूचे भाव भडकले आणि मघां सांगितलेला अडीच लक्ष कोटींचा आंकडा उभा राहिला. पूर्वीं युरिया बाहेरून येई. आतां बऱ्याच अंशीं त्याचा कच्चा माल येतो.

इतकें होऊन युरियाची किंमत 2012 पासून टनास 5,360 रुपयेच आहे. स्फुरद व पालाश यांची खतें त्या मानानें महाग. मग शेतकरी युरियाच ओततो, त्याला दोष कसा द्यावा? शिरोळ भागांतील क्षारपड जमिनी मुख्यतः अति पाण्यानें बिघडल्या, पण रासायनिक खतांच्या अतिरेकाचाही त्यांत हात आहे. कारखाना जगविण्याचा खर्च तिजोरीनें सोसावा आणि त्याचा माल जमिनीनें, हा हिशेब फार दिवस टिकेल असें मला वाटत नाहीं. किंमत हळूहळू, पण वाढविलीच पाहिजे, आणि तितकें साहाय्य शेतकऱ्याच्या हातीं रोख द्यावें, असें माझें मत आहे. माझे बागाईतदार विद्यार्थी यावर माझ्याशीं कडाडून भांडतात.

आतां राहतां राहिलें ओरिसांतील तालचेर. ज्या कोळशानें जुना कारखाना दमविला, त्याच कोळशाचा वायु करून, त्यांत पेट्रोलियम कोक मिसळून, येथें पुन्हां युरिया करावयाचा आहे. या कामीं आपली मुंबईची कंपनीही भागीदार आहे. 2018 च्या सप्टेंबरांत पायाभरणी झाली. काम ठरल्या मुदतीपेक्षां बरेंच लांबलें आहे. हा प्रयोग साधला, तर परदेशी वायूवांचून युरिया करण्याची एक वाट सांपडेल.