ट्रंकेतले कागद आणि पूर्वजांची नावे
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी बाहेरचे वक्ते येतात. यंदा समितीने घरच्यांनाच बोलायला सांगितले. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हेत. नोकरीतून मोकळे झाल्यावर वस्तीतल्या आम्ही तिघा-चौघांनी एक उद्योग अंगावर घेतला. घरोघरी पडलेले जुने लष्करी कागद पाहायचे, वाचायचे, आणि त्या घराची वंशावळ जेवढी मागे नेता येईल तेवढी न्यायची. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना पणजोबांचे नाव सांगता येईल? आणि पणजीचे? बघा, एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्यांच्याकडे इनाम होते, सनद होती, त्यांच्या पिढ्या दप्तरात लिहिल्या गेल्या. आपला माणूस गावाच्या तोंडी 'अमक्याचा रामा', नाहीतर नुसता 'महार'. पण एका ठिकाणी मात्र त्याला पूर्ण लिहिणे भाग होते, ते म्हणजे पलटण. पगार द्यायचा, पेन्शन द्यायची, तर माणूस ओळखता आला पाहिजे. म्हणून कारकुनाने त्याचे नाव लिहिले, बापाचे लिहिले, गाव, तालुका, वय, उंची, कपाळावर व्रण असला तर तोही लिहिला. हे काही कोणी आपल्यावरच्या प्रेमापोटी केले नाही. सरकारची ती गरज होती. परंतु त्या गरजेमुळे आपली नावे राहिली, हेही खरे.

आता सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. कोरेगाव भीमाचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. स्तंभाचा पाया १८२१ साली घातला. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले, आणि आपणही दरवर्षी जातो. पण किती जण ती नावे वाचतात? पुढच्या वेळी सावकाश वाचा. मेलेल्या शिपायांच्या यादीत 'नाक' या शेवटाची २२ नावे आहेत. शामनाक येसनाक. भागनाक हरनाक. आडनाव कुठेही नाही. पहिले त्याचे स्वतःचे, दुसरे बापाचे. म्हणजे दगडावरच्या एका ओळीत दोन पिढ्या आहेत. शामनाक १८१८ साली पडला, तर बाप येसनाक जन्मला असेल पेशवाईच्या भरात. असे कितीसे कागद आपल्याकडे आहेत, जे एवढे मागे जातात?

इथेच शोधणाऱ्याची पहिली अडचण येते. आमच्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "आमचं आडनाव अमुक, यादीत बघा." जुन्या यादीत आजचे आडनाव बहुधा सापडत नाही. आपली पुष्कळशी आडनावे गावावरून पडली, आणि ती मागाहून पडली, शाळेत नाव घालताना नाहीतर गिरणीत लागताना. गोपाळ बाबा वलंगकर सर्वांना ठाऊक आहेत. महाडजवळच्या रावढळचे, फौजेतून १८८६ साली निवृत्त झालेले. त्यांचेच नाव गोपाळनाक विठ्ठलनाक असेही येते. नुसते वलंगकर शोधाल तर गोपाळनाक हातचा निसटेल. खुद्द बाबासाहेबांचे घराणे बघा. वडील सुभेदार रामजी, आजोबा मालोजी, दोघेही फौजेतले. घराचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात आले, ते १९०० साली. फौजेच्या कागदात आंबेडकर शोधत बसले तर जन्म जाईल. रामजी, बाप मालोजी, गाव, असे शोधावे लागते. म्हणून आमचा पहिला नियम असा की आडनाव बाजूला ठेवा. नाव, बापाचे नाव आणि गाव धरा.

दुसरी गोष्ट शब्दाची. मुंबई फौजेच्या इंग्रजी कागदात महार शिपायाला 'परवारी' म्हटलेले असते. ज्याला हे माहीत नाही तो पाने चाळतो आणि 'आपले कोणी नव्हतेच' म्हणून परत येतो. 'नाक'ही रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले दिसते. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. इंग्रजी अक्षरे मोठ्याने वाचून पाहा, मग नाव ओळखू येते. आमच्यातल्या एकांना ही युक्ती त्यांच्या सातवी शिकलेल्या बायकोने दाखवली!

आता सालांचे बघू. घरात सांगतात की आजोबा १९०५ ला पलटणीत लागले. असे ऐकले की आम्ही जरा थांबतो. कारण १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या लढाया लढल्या त्यांनाच सांगितले की तुम्ही लढाऊ जातीचे नाही. त्यावर वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. दार उघडले ते पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर, १९२१ पर्यंत, मोडलीही. पुढे १९४१ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते त्या साली, महार रेजिमेंट निघाली. बेळगाव आणि कामठी ही तिची पहिली ठिकाणे. तेव्हा १९०५ चे आजोबा खोटे असतील असे आम्ही म्हणत नाही. ते खडकीच्या कारखान्यात असतील, डेपोत असतील, पलटणीबरोबर नोकर म्हणून गेले असतील. त्यांचा कागद मग दुसऱ्या दप्तरात शोधायचा. सालावरून हे कळते.

मानाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. निम्म्या घरांत आजोबा 'सुभेदार' असतात. असतीलही. जमादार, सुभेदार यांची नावे इंडियन आर्मी लिस्ट नावाच्या छापील पुस्तकांत पलटणीवार येत असत. तिथे पडताळा घेता येतो. पण कागदावर 'शिपाई' निघाला म्हणून तोंड पाडू नका. काही घरांत 'फॉलोअर' निघाला, म्हणजे खेचरे हाकणारा, पाणी वाहणारा, झाडलोट करणारा. एका घरी तर तरुण मुलाने सांगितले, काका, हे लिहू नका. आम्ही लिहिले. गोळी त्याच्याही डोक्यावरून जात होती.

आता घरात काय शोधायचे ते सांगतो, कारण पुष्कळदा शोध माळ्यावरच्या ट्रंकेतच संपतो. पहिले म्हणजे बिल्ला, मेडल. पहिल्या महायुद्धाचे मेडल असेल तर त्याची कड बघा, सपाट बाजू नव्हे, कड. तिथे बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तो नंबर म्हणजे किल्ली आहे. मेहेरबानी करून ते चिंचेने किंवा पावडरने घासू नका. घासून घासून अक्षरे गेलेली मेडले आम्ही पाहिली आहेत. शिपायाचे युद्धपदक चांदीचे असे, त्यामुळे कितीतरी घरांत ते दुष्काळात नाहीतर लग्नात सोनाराकडे गेले. फॉलोअर लोकांना तेच पदक काशाचे मिळे. ते विकून काही येत नव्हते, म्हणून ते राहिले, अशी गंमत आहे.

दुसरे, डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम. यावर नंबर असतोच. नंबर मिळाला की ज्या रेजिमेंटची नोकरी, तिच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आहे. पण आजोबा फौजेत होते म्हणजे महार रेजिमेंटमध्येच होते असे धरू नका; पायोनियर, ऑर्डनन्स, सप्लाय, यांत आपली पुष्कळ माणसे होती आणि त्यांची दप्तरे वेगळी. पत्ता सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि ही गोष्ट घाईची आहे. ज्याला पेन्शन नव्हती त्याचे कागद नोकरी सुटल्यापासून २५ वर्षांनी नष्ट करण्याचा फौजेचा नियम आहे. त्यानंतर उरते ती 'लाँग रोल' नावाच्या मोठ्या रजिस्टरातली नोंद. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाची हीच एक ओळ मिळण्याचा संभव जास्त. म्हणून अर्जात 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा' असे नेमके मागा. एक ओळ का होईना.

जे परत आले नाहीत त्यांचा शोध उलट सोपा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावे फुकट पाहता येतात. मुलांनी मोबाईलवर हे काम करावे. हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. मात्र जिल्हा त्या वेळचा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत, रायगडला कुलाबा म्हणत, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात. इथेही भेदभाव झालाच. इराकात बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांचे नुसते आकडे. आपल्याच संस्थेने माणसामाणसांत फरक केला, हे कमिशनने २०२१ साली अहवालात कबूल केले. त्याच साली लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या रजिस्टरांतून पंजाबच्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची गाववार नोंद लोकांपुढे आली. ते वाचून आम्हाला हेवा वाटला, खोटे कशाला बोला. आपल्याकडे निदान गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी असते, 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले.' आकडा असतो, नावे नसतात. सुट्टीत गावी जाल तेव्हा तिचा फोटो काढून आणा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या आकड्यातली जेवढी नावे मिळतील तेवढी लिहून घ्या.

फौजेचा कागद आणि गावचा कागद एकमेकांना जोडावा लागतो. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले, पण वतनाच्या जमिनीचे फेरफार तहसीलमध्ये असतात, त्यांत हिस्सेदारांची नावे येतात. पलटणीतला 'बाप अमुक' आणि फेरफारातला 'अमुक' जुळला की एक पिढी पक्की झाली. जातपडताळणीच्या वेळी १९५० च्या आधीचा कागद मिळत नाही म्हणून मुलांचे प्रवेश अडतात, हे आपण सगळे भोगतो. जुन्या सेवापुस्तकावर जात लिहिलेली असते. तोही कागद पुरावा म्हणून जोडावा. तो मानायचा की नाही ते समिती ठरवील.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगण्यासाठीच आम्ही खरे म्हणजे उभे राहिलो. आमच्या गल्लीतल्या एका घरचे कागद वाचत होतो. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. नाव, बाप, गाव, उंची पाच फूट साडेचार इंच, डाव्या गुडघ्यावर खूण. खाली एक रकाना होता, वारस. त्यात लिहिले होते 'पत्नी' आणि पुढे तिचे नाव. ते आम्ही मोठ्याने वाचले, आणि घर गप्प झाले. नातवंडे चाळिशी-पन्नाशीची. त्या बाईला सगळे 'आये' म्हणत. रेशनकार्डावर ती अमक्याची आई म्हणून होती, गावात अमक्याची बायको म्हणून. तिने यांना लहानाचे मोठे केले, १९५६ साली मुलांना कडेवर घेऊन नागपूरला नेले, आणि तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ते नाव आम्ही इथे सांगत नाही, ते त्यांच्या घरचे आहे. पण आता त्यांच्या भिंतीवर आजोबांच्या फोटोखाली दोन नावे आहेत.

तेव्हापासून कागद उघडला की आम्ही आधी वारसाचा रकाना बघतो. अविवाहित पोरगा असला तर तिथे बाप नाहीतर आई असते. रणांगणाची वर्णने पुस्तकांत मिळतील. या बायांची नावे दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

पुढच्या रविवारपासून, सकाळच्या वंदनेनंतर, आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत बसणार आहोत. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. मेडल असेल तर कडेचा फोटो आणा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला सोबत आणावे. अर्जाचे मराठी-इंग्रजी नमुने आम्ही तयार ठेवले आहेत, त्याला पैसे नाहीत. पोस्टाचा खर्च ज्याचा त्याने करावा.

जयभीम. नमो बुद्धाय.