अर्ज करण्यापूर्वीची वही

आज एक दिवस पाळणाघराची जबाबदारी जावेच्या, सासूच्या नाहीतर मदतनीस ताईंच्या अंगावर टाकून इथे आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

अध्यक्षीय भाषणात बालकाला देवाचे रूप म्हणायची आणि आईला वंदन करायची पद्धत आहे. ते काम माझ्या आधीच्या तिघा वक्त्यांनी केले आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे जेवढा वेळ आहे तो मी अनुदानावर घालवणार आहे. चहाच्या वेळी जिने-तिने मला एकच प्रश्न विचारला, ‘ताई, सरकारकडून काही मिळतं का आणि त्यासाठी काय काय लागतं?’

आधी आपण कुठे बसलो आहोत ते पाहू. मावळातल्या या सोमाटणे फाट्यावर सकाळी उभे राहिले की या भागातली नोकरी करणारी बाई डोळ्यांसमोरून जाते. कंपनीच्या बसची वाट पाहणारी तळेगाव, उर्से, चाकणची कामगार. आंबी-नवलाख उंबऱ्याच्या पुष्पोद्यानात हरितगृहात फुले कापायला जाणारी. नव्या सोसायट्यांत चार घरची धुणीभांडी करणारी. गहुंज्याच्या बाजूला इमारतींच्या पायावर विटा वाहणारी. पावसाळ्यात त्यात भातलावणीची बाई मिसळते. या सगळ्यांच्या कडेवरची मुले कुठे असतात? फी भरू शकणाऱ्या मोजक्या जणींची आपल्याकडे असतात. बाकीची आजीकडे, मोठ्या बहिणीकडे, शेजारी किंवा वाळूच्या ढिगाजवळ. ती मोठी बहीण आठ-नऊ वर्षांची असते आणि तिची शाळा बुडालेली असते, हे पटावर कुठेच दिसत नाही.

अनुदान या मुलांसाठी असते. तुमच्या पाळणाघरात आज बहुतेक मुले फी भरणाऱ्या घरांतली असतील, तर अर्ज करण्याआधी या गोष्टीचा विचार करा. मी फी घेणाऱ्यांना नावे ठेवत नाही. भाडे, वीज, ताईचा पगार हे सगळे फीमधूनच निघते. पण ‘गरजू लाभार्थी’ या रकान्यात कुणाची नावे लिहिणार ते आधी ठरले पाहिजे.

या योजनेला बराच इतिहास आहे आणि तो थोडा सांगितल्याशिवाय आजची स्थिती कळत नाही. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. स्वयंसेवी संस्थांना सरकारी पैसा पोहोचवणारा तो पहिला मोठा मार्ग. कष्टकरी आणि आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांना मदत देणारी योजना १९७५ची. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. अंगणवाडीची कल्पना मात्र ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि कोसबाडच्या टेकडीवर त्याच्या कितीतरी आधी राबवून दाखवली होती, हे आपल्याला सांगायला नको. पण अंगणवाडी काही तासांची आणि आईची पाळी आठ तासांची. मधले तास रिकामेच राहिले.

२००६ मध्ये जुन्या योजना एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. तिचे आकडे ऐका. पंचवीस मुलांच्या एका पाळणाघराला वर्षाला ४२,३८४ रुपये. दोन सेविका, प्रत्येकीला महिना १,००० रुपये मानधन. आहारासाठी दर मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे, आणि त्यातलाही दहावा हिस्सा संस्थेने घालायचा. दोन रुपये आठ पैशांत पोराच्या हातावर काय ठेवायचे, हे कागदावर हा आकडा लिहिणाऱ्याने एकदा तरी करून पाहायला हवे होते. तरी त्या पैशांवर बायकांनी देशभर हजारो पाळणाघरे चालवली. २०१७ मध्ये योजना राज्यांकडे आली, तिचे नाव आणि खर्चाची वाटणी बदलली. हप्ते रखडले आणि त्यातली हजारो बंद पडली. पुढे समाजकल्याण मंडळही गुंडाळले गेले.

आज जी योजना आहे तिचे नाव ‘पाळणा’. ती मिशन शक्तीतल्या ‘सामर्थ्य’ या भागात येते आणि १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. तिचा भर अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्यावर आहे. महाराष्ट्रात २०२५ साली अशा ३४५ केंद्रांना मंजुरी मिळाली. एका केंद्रात जास्तीत जास्त पंचवीस मुले, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, तीन वेळा खाणे. पाळणा सेविकेला ५,५०० रुपये आणि मदतनीसला ३,००० रुपये. अंगणवाडी सेविकेला १,५०० आणि तिच्या मदतनीसला ७५० रुपये भत्ता. बेरीज केली तर एका केंद्रातल्या चौघींवर महिना १०,७५० रुपये. तळेगावच्या एखाद्या सोसायटीत एका बाळाला दिवसभर सांभाळणारी बाई याहून जास्त घेते.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? कुणाचा विरस होत असेल तर माफ करा, पण एकटी बाई राहत्या घरात पाळणाघर चालवत असेल आणि वडगावला पंचायत समितीत जाऊन ‘मला अनुदान द्या’ म्हणाली, तर तिला हात हलवत परत यावे लागेल. असे अनुदान व्यक्तीला मिळत नाही, नोंदणी झालेल्या संस्थेला मिळते. म्हणून वडगावला पहिल्यांदा जाल ते अर्ज द्यायला जाऊ नका. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा आणि विचारा, आमच्या बीटमधल्या कुठल्या अंगणवाडीला पाळणा केंद्र मिळण्याची शक्यता आहे, सेविकेच्या जागेसाठी जाहिरात कधी निघेल, आमच्या मंडळाला त्यात काय करता येईल. ज्यांच्याकडे अनुभव आहे पण संस्था नाही, त्यांच्यासाठी सेविकेची जागा हाही एक मार्ग आहे. त्यात कमीपणा नाही.

ज्यांना संस्था म्हणून उभे राहायचे आहे त्यांनी आता कान देऊन ऐका. तयारीला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि ती सगळी वहीत असते. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करायला किमान सात जणी लागतात. सात नावे गोळा करताना बहीण, जाऊ, नणंद, भाची अशी यादी होते. ती टाळा. एकाच घरातल्या माणसांची संस्था पाहिली की तपासणारा पहिल्याच पानावर थांबतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद झाली की पुढे एक बारीक गोष्ट येते आणि निम्म्या संस्था तिच्यातच अडकतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो. कुणी लग्न होऊन गेली, कुणी वारली, नवीन बाई आली, सभेत ठराव झाला, पेढे वाटले आणि अहवाल राहिला. मग पाच वर्षांनी अर्जावर अध्यक्ष म्हणून जिची सही असते तिचे नाव सरकारच्या दफ्तरी नसतेच. अर्ज परत.

बाकीचे कागद तुम्हाला ठाऊक आहेत किंवा तुमच्या सीएंना ठाऊक आहेत: पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, साधारणपणे मागचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, जागेचा भाडेकरार किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. प्रत्येक ताईची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, मग ती वीस वर्षांच्या ओळखीची का असेना. जागा मोजा. जुन्या योजनेत मुलामागे ६ ते ८ चौरस फूट धरले जायचे. प्रसूती लाभ कायद्याखालच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना १० ते १२ म्हणतात. पंचवीस मुलांना अडीचशे चौरस फूट, तेही कपाट, गॅस आणि चपला सोडून. दुपारी सगळी पोरे एकाच वेळी आडवी झाल्यावर ताईला पाय ठेवायला जागा उरते का, हे पाहिले की टेप लावायच्या आधीच उत्तर मिळते.

हजेरीच्या वहीवर मात्र मी जरा जास्त वेळ घेणार आहे. आपल्यापैकी किती जणी ती रोज भरतात? हात वर करू नका, मला माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी एकाच पेनाने आठवडाभराचे ‘ह, ह, ह’ लिहिलेले पान मी लांबूनही ओळखते, आणि तपासणीला येणारी पर्यवेक्षिका तर नक्कीच ओळखते. खरी वही ओबडधोबड असते. आषाढात लावणी सुरू झाली की मुले वाढतात, कारण घरात कुणीच नसते. गावाची जत्रा आली की आठवडाभर निम्मी मुले गायब असतात. बांधकामाचा टप्पा संपला की एकाच दिवशी सहा नावे कमी होतात, कारण ती कुटुंबे दुसऱ्या साइटवर गेली. बाराही महिने पंचवीसच्या पंचवीस हजर असलेली वही म्हणजे खोटी वही. मूल आले ती वेळ लिहा, गेले ती वेळ लिहा, कुणाकडे दिले ते लिहा आणि नेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्या. तुमच्या रस्त्यावरच्या आया पाच वाजता सुटून फाट्यावरच्या वाहतुकीत अडकतात आणि पावणेसातला पोहोचतात, हे त्या वहीत आपोआप दिसते. साडेसात तास का पुरत नाहीत याचा पुरावा मंत्रालयात भाषण करून मिळणार नाही, तो या रकान्यात आहे.

तशीच वजनाची नोंद. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, त्याच काट्यावर, कपडे कमी करून. दोन महिने वजन वाढले नाही तर पुढे काय केले तेही त्याच ओळीत: आईशी बोललो, आशाताईंना सांगितले, आरोग्य केंद्रात दाखवले. नुसता आकडा लिहून पान उलटू नका.

मग पैशांचे. तळेगावात माणशी एक पैसा अशी वर्गणी गोळा करून पैसाफंडाचा काचकारखाना १९०८ साली उभा राहिला. पैशा-पैशाचा हिशेब ठेवायची परंपरा आपल्या शेजारचीच आहे. अनुदानासाठी बँकेत वेगळे खाते ठेवा. फीचे पैसे आणि अनुदानाचे पैसे एकत्र झाले की ते वेगळे करणे लेखापरीक्षकालाही जमत नाही. अनुदानावर बँकेत व्याज पडले तर ते तुमचे नसते, सरकारला परत करायचे असते. एकाच तूरडाळीची पावती सरकारी अनुदानातही दाखवायची आणि कंपनीच्या मदतीतही, हा गुन्हा आहे. कुणी ‘सगळेच करतात’ म्हणाले तर त्या माणसापासून चार हात दूर राहा. वर्ष संपले की उपयोगिता प्रमाणपत्र जायला हवे. ते अडले की पुढचा हप्ता अडतो.

आणि हप्ता अडणारच आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कुणी उगाच केलेली नाही. पैसा येईपर्यंत किराणा दुकानदार थांबेल का, घरमालक थांबेल का, ताईचा पगार कुठून देणार? किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर अर्ज करूच नका. अनुदान मंजूर झाले म्हणून फीची मुले कमी केली, मग हप्ता आला नाही आणि मार्चमध्ये शटर ओढावे लागले, असे पाळणाघर सुरूच झाले नसते तर बरे झाले असते. मुलांना तिथली सवय झालेली असते.

अनुदानाशिवाय आणखी एक दार आहे आणि आपण ते फारसे ठोठावत नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायदा सांगत होता की ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यावे. २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचाच आकडा आहे. कारखाने अधिनियमात तर १९४८पासून ही तरतूद होती; तिथे पुढे तीसहून जास्त स्त्री कामगार अशी मोजणी होती. बांधकामासाठी १९९६च्या कायद्यात पन्नासहून जास्त बायकांची अट होती. याच कारणाने ठेकेदाराच्या हजेरीपटावर बायका पन्नासच्या वर जात नसत, असे बांधकामावरच्या बाया हसत सांगतात. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मोबाइल क्रेशचे पहिले केंद्र काढले, तेव्हा बांधकामासाठीचा हा कायदा नव्हताच. पुण्यात आज तारा मोबाइल क्रेश ही संस्था बांधकामांवर हे काम करते. आपल्या पट्ट्यात एवढे कारखाने असताना प्रत्येक लहान कंपनीला स्वतःचे पाळणाघर जमणार नाही, पण तीन-चार कंपन्या मिळून आपल्यापैकी एकीशी करार करू शकतात. तिथेही पहिल्यांदा मागतात ती हजेरीची वही आणि पोलीस पडताळणीच.

या मेळाव्याच्या वतीने शासनाला एक निवेदन जाणार आहे. त्यात मला चार मागण्या हव्यात. पहिला हप्ता वर्षाच्या सुरुवातीला मिळावा. औद्योगिक पट्ट्यात केंद्राची वेळ साडेसातऐवजी दहा तास असावी आणि वाढलेल्या तासांचे मानधन वेगळे असावे. खाजगी जागेच्या भाड्याला स्थानिक दराप्रमाणे मदत मिळावी. फाट्यावरचे भाडे आणि पवन मावळातल्या गावातले भाडे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि अनुभवी पाळणाघर चालवणाऱ्या बाईला, तिचे शिक्षण बारावी नसले तरी, प्रशिक्षण देऊन सेविका होता यावे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी दहावीनंतर शाळा पाहिलेली नाही, पण ताप अंगात मुरण्याआधी पोराच्या डोळ्यांवरून त्यांना कळतो.

जेवणानंतर मागच्या टेबलावर हजेरी, वजन, आहार आणि पावत्यांच्या वह्यांचे कोरे नमुने ठेवले आहेत. ज्यांची संस्था नोंदलेली आहे त्यांनी डावीकडच्या रांगेत बसा, सीए तुमच्याशी बोलतील. ज्यांची नाही त्यांनी माझ्याकडे या. निवेदनावर सही करताना गावाचे नाव आणि आपल्याकडच्या मुलांची संख्या लिहा, आणि ती कालच्या हजेरीप्रमाणे लिहा.