न दिसणाऱ्या सोन्याचा शोध

सोने म्हटले की सराफाच्या पेढीवरील झळाळी डोळ्यांपुढे उभी राहते. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र प्रथम हे शिकवावे लागते की, खडकातले सोने बहुधा दिसतच नाही. टनभर खडकात चारपाच ग्रॅम सोने असले, तरी तो खडक खाणीच्या योग्यतेचा ठरू शकतो. मग जे दिसत नाही ते शोधावे कसे?

कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खाणींचे अवशेष आहेत. ते जुने खाणकरी गारेच्या शिरांचा माग काढीत खाली उतरले. हट्टीचे काय, किंवा २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या खाणींचे काय, दोन्ही ठिकाणचे सोने अतिप्राचीन ज्वालामुखी खडकांच्या पट्ट्यांतले. खडकांच्या भेगांतून चढलेल्या उष्ण पाण्याने ते तेथे आणून ठेवले.

म्हणून आजचा संशोधकही आरंभ करतो तो खडकांच्या नकाशापासून. मग ओढ्यांतील गाळ व शेतांतील माती तपासली जाते. त्यांत सोन्याइतकाच त्याच्या सोबत्याचा, आर्सेनिकचा, शोध घेतला जातो. चुंबकीय व विद्युत मापनांनी भूगर्भातील रचनेचा अंदाज बांधला जातो. प्रत्येक पायरीवर बहुतेक जागा गळून पडतात. उरलेल्या थोड्या ठिकाणी हिरकण्या जडवलेल्या पोकळ नळीने विंधन करून खडकाचा दंडगोल वर काढतात. तो उभा चिरून अर्धा भाग प्रयोगशाळेकडे जातो. अर्धा पुढील पडताळ्यासाठी जपून ठेवतात.

हा जपून ठेवलेला अर्धा भागच विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवला पाहिजे. इंडोनेशियात बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनडातील कंपनीने सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचे जाहीर केले होते. तेथे हा प्रघात पाळला गेला नाही. जवळजवळ सर्व खडक कुटून टाकला जाई. १९९७ साली त्रयस्थ तज्ज्ञांनी नव्याने विंधन केले, तेव्हा नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे उघड झाले. भागधारकांचे अब्जावधी डॉलर बुडाले.

सोन्याचा कस लावणे, ही सराफाची जुनी विद्या. नव्या संशोधकाला त्याआधी आपल्या नमुन्याचा कस लावावा लागतो. यंत्रे मार्ग दाखवतील. परंतु नमुना खरा नसेल, तर सर्वांत सूक्ष्म यंत्रही खोटेच अचूकपणे मोजील.