विद्यापीठाची हिरवळ आणि विद्यार्थ्यांचे मत



विद्यापीठाने पर्यावरण कसे सांभाळावे, असे विद्यार्थ्यांना विचारले म्हणजे बहुधा एकच उत्तर येते : झाडे लावावीत. चंदीगढमध्ये हे उत्तर अपुरे पडते. कारण झाडांची येथे वाण नाही. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यात सेक्टरासेक्टरांतून हिरवे पट्टे खेळविलेले आहेत, आणि सेक्टर १४ मधील पंजाब विद्यापीठाचे आवारही वृक्षांनी भरलेले आहे.

म्हणून विद्यार्थ्याने आवाराच्या भिंतीपलीकडे पाहिले पाहिजे. नगराच्या दुसऱ्या टप्प्यात वसलेल्या सेक्टर ४३ मध्ये आंतरराज्य बसस्थानक आहे. पंजाब, हिमाचलातून शिकावयास येणारे अनेक तरुण तेथे उतरतात. पुढचे अंतर ते बसने काटतात, सायकलने की स्वतःच्या मोटारीने, हा त्यांच्या मताचा पहिला कस होय. दुसरा कस नळापाशी लागतो. या नगराचे बरेचसे पाणी भाक्रा कालव्याचे असून ते काजौलीहून पंपांनी आणावे लागते; प्रत्येक बादलीमागे वीजही खर्ची पडते. तिसरा कस केराच्या पेटीपाशी लागतो. नगराचा कचरा वर्षानुवर्षे दादूमाजरा येथे साचत गेला आणि त्याची दुर्गंधी तेथील रहिवाशांनी सोसली. एकाची स्वच्छता दुसऱ्याच्या दारात अशी जाऊन पडते.

१९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. पुढे पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय आला. परंतु विषय अनिवार्य झाला म्हणून मत घडतेच असे नाही. तो उत्तीर्ण होण्यापुरताही उरू शकतो.

१९७९ साली दिल्लीत मात्र निराळे घडले. रिजवरील वनाचा नाश थांबविण्यासाठी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी एकत्र आले आणि त्यातून 'कल्पवृक्ष' ही संस्था उभी राहिली. पुढे तिचे कार्य पुण्यातूनही चालू लागले. १९८३ मध्ये या तरुणांनी नर्मदेच्या खोऱ्यात हिंडून धरणांच्या परिणामांची पाहणी केली. त्यांच्या मताला वजन आले ते या पाहणीमुळे.

तेव्हा प्रत्येक वसतिगृहात पाणी, वीज, कचरा आणि प्रवास यांची एक वही असावी; तीत विद्यार्थ्यांनी नोंदी कराव्यात आणि विद्यापीठाने आपले आकडे त्यांच्यापासून लपवू नयेत. हिशेब न दाखविता मत विचारणे हा केवळ शिष्टाचार आहे. आणि हिशेब न पाहता मत देणे हाही शिष्टाचारच. दादूमाजऱ्याच्या रहिवाशांना या दोहोंचा उपयोग नाही.