तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे ‘पित्त’ नव्हे

कुणी बसमध्ये इअरफोन लावून ऐकत असेल, कुणी बाळाला मांडीवर झोपवून. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आजचा विषय ऐकायला जरा घाण वाटेल, पण ऐकाच. तान्ह्या बाळाची उलटी.

गेल्या पावसाळ्यात रात्री एक जोडपं आलं. मुलगा पाच आठवड्यांचा, पहिलंच बाळ. आई सांगत होती, “सिस्टर, दूध पितो आणि लांब फेकतो. दोन मिनिटांत परत भुकेला!” आठ दिवस हेच चाललं होतं. आजींनी दृष्ट काढली होती, शेजारच्यांनी ग्राइप वॉटर सुचवलं होतं. माया सगळ्यांची होती, पण बाळाचं वजन उतरलं होतं आणि टाळू खोल गेली होती. एक गोष्ट मात्र बाबांनी फार चांगली केली होती. उलटीचा व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवला होता. तो बघून डॉक्टरांना लगेच अंदाज आला आणि सोनोग्राफीत नक्की झालं: पायलोरिक स्टेनोसिस.

म्हणजे काय? जठरातून दूध पुढे आतड्यात जातं, तिथला स्नायू जाड होतो आणि वाट बंद होत जाते. साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या बाळात हे दिसतं. मुलींपेक्षा मुलग्यांत चारेक पट जास्त.

आता तुम्ही विचाराल, बाळं तर दूध टाकतातच ना? टाकतात. म्हणून तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, ढेकर काढताना ओठांवरून ओघळणारं दूध. बाळ हसतंय, वजन वाढतंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होताहेत. काळजी नको.

दुसरा, प्रत्येक वेळी जोरात, लांब फेकलेली उलटी. रंग पांढरा किंवा फाटलेल्या दुधासारखा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तिसरा, हिरवी उलटी. इथे मला आवाज चढवू द्या. आपल्याकडे म्हणतात, “पित्त पडलं, बरं झालं, मोकळं वाटेल.” मोठ्या माणसाचं ठीक आहे हो. पण तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतडं पुढे कुठेतरी अडलंय, असंच धरून चालायचं. कधी आतड्याला पीळ पडलेला असतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग काही तासांत आतडं काळं पडू शकतं. म्हणून “सकाळी बघू” नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. ज्या कपड्यावर उलटी पडली तो धुऊ नका, सोबत आणा. फोटोत रंग फसवतो, कपडा फसवत नाही.

परत त्या बाळाकडे येऊ. घरच्यांना वाटलं, लगेच ऑपरेशन होईल. पण पायलोरिक स्टेनोसिसमध्ये आधी सलाईन देऊन शरीरातलं पाणी आणि क्षार जागेवर आणावे लागतात. सतत उलट्यांनी रक्तातले क्षार बिघडलेले असतात आणि तशात भूल देणं धोक्याचं. तो दीड दिवस म्हणजे आम्हा नर्सचं खरं काम. नाकातून नळी घालून जठर रिकामं ठेवायचं. रोज वजन घ्यायचं. ओला लंगोट वजनकाट्यावर ठेवायचा. कोऱ्यापेक्षा जितके ग्रॅम जास्त, साधारण तितके मिली लघवी. बाळ उबेत ठेवायचं.

आणि आईला सांभाळायचं. बाळ भुकेनं रडतंय आणि पाजायचं नाही, हे तिला सहन होत नाही. मी त्यांना म्हटलं, “ताई, पाजू नका, पण कुशीत घ्या. आणि दर तीन तासांनी दूध काढत राहा, म्हणजे आटणार नाही.” त्या रडत रडत दूध काढत होत्या.

ऑपरेशन तसं छोटंच. जाड स्नायूला वरून चीर द्यायची, आतलं अस्तर शाबूत ठेवायचं. कॉनराड रामश्टेट या जर्मन सर्जनच्या नावाची ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. काही तासांत थोडं थोडं दूध सुरू होतं. त्यानंतर एक-दोन दिवस थोडी उलटी झाली तर घाबरू नका, जठर सुजलेलं असतं.

घरी गेल्यावर काय? बाळाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा. लंगोट टाक्यांच्या खाली बांधा. टाक्यांवर हळद, तेल, पावडर काही नाही. जागा लाल झाली, पू आला, ताप आला किंवा उलटी परत लांब जायला लागली, तर परत या. सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध. वरचं पाणी नाही, गुटी नाही.

तो मुलगा पंधरा दिवसांनी तपासणीला आला. गाल वर आले होते. आजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि हळूच विचारलं, “आता दृष्ट काढली तर चालेल ना?” म्हटलं, “आजी, काढा की! फक्त उलटी हिरवी दिसली तर आधी दवाखाना, मग मीठ-मोहरी.”

आज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच टाका: तान्हं बाळ, हिरवी उलटी, लगेच दवाखाना. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.