टक्का कोण ठरवणार?

(लोणावळ्यात कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण. छापताना शिव्या कमी केल्यात, बाकी होतं तसंच ठेवलंय.)



मी वकील नाही. मॅट्रिक झालोय, गोदीत माल उचलतो आणि कविता लिहितो. तुम्ही मला कवितेसाठी बोलावलंत, पण आज कविता वाचणार नाही. आज एका हाताबद्दल बोलणार आहे. उजव्या हाताबद्दल.

मुंबईच्या माणसाला लोणावळा म्हटलं की चिक्की आठवते, भुशी डॅमवरचं भिजणं आठवतं. मला आधी घाट आठवतो. बोरघाटात रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली गाडी वर चढली. मधल्या वर्षांत हजारो मजूर मेले. पटकीनं मेले, सुरुंगानं मेले, कड्यावरून पडून मेले. जे हात-पाय गमावून जगले त्यांच्यासाठी भरपाईचा कायदाच नव्हता. तो यायला साठ वर्षं लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तोवर घाट फोडणारा केव्हाच मातीत गेला होता.

आता हात सांगतो. माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कामशेतजवळच्या वस्तीत राहतो. तळेगावच्या बाजूला एका शेडमध्ये प्रेस मशीनवर होता, ठेकेदाराकडून. पगार १२ हजार. २०२२ साली पत्रा काढताना मशीन खाली आलं आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. त्या वेळी त्याचं वय २५. शेडमध्ये माणसं होती वीसेक, कागदावर सात. दहाच्या आत दाखवली की ईएसआय लागत नाही, हे गणित ठेकेदाराला पक्कं पाठ.

दवाखान्यातून सुटल्यावर ठेकेदार मिठाईचा पुडा घेऊन घरी आला. वीस हजार रुपये मावशीच्या हातात ठेवले आणि स्टँप पेपर पुढं केला. त्यावर लिहिलेलं : सर्व भरपाई मिळाली, यापुढे माझी कसलीही तक्रार नाही. भाऊ दहावी नापास आहे, पण सही करता येते. म्हंजे येत होती, उजव्या हातानं. ठेकेदार म्हणाला, अंगठा चालेल. जो अंगठा मशीननं सोडला, तो या हरामखोरानं घेतला.

मला हे कळलं चार महिन्यांनी. मी पेटलो. म्हटलं, मोर्चा काढू, शेडला घेराव घालू. मावशी म्हणाली, ''बाळा, घेराव घालून तू मुंबईला जाशील. आम्हाला हितंच ऱ्हायचंय.'' मी गप्प झालो. आपल्या चळवळीचं एक खरं सांगू? आपण घोषणा बेंबीच्या देठापासून देतो, पण निवेदन दिल्यावर आवक नंबर घेत नाही. पोच नसलेलं निवेदन म्हंजे कचेरीच्या टोपलीत टाकलेली कविता. मी दोन्ही लिहिलंय, म्हणून बोलतो.

पुढं भाऊ निराधार योजनेच्या मागं लागला. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. अर्ज तहसिलीत द्यायचा, आपल्याकडं वडगावला. २०२५ साली त्यात दिव्यांगांसाठी महिन्याला १५०० चे २५०० केले. 'दिव्यांग' या शब्दाबद्दल एक बोलून घेतो. आपल्याला एकदा 'हरिजन' करून झालं. देवाची लेकरं म्हणायचं आणि देवळाबाहेर उभं करायचं. आता तुटलेल्या हाताला दिव्य म्हणतात. नाव चढवायला पैसे पडत नाहीत.

तर निराधारसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर किमान चाळीस टक्के लागतात. भावाला तपासलं, मोजलं, आणि आकडा आला चाळिशीच्या आत. कारकून म्हणाला, बसत नाही. भाऊ म्हणाला, ''साहेब, मी भाकर मोडू शकत नाही.'' कारकून म्हणाला, ''ते टक्क्यात येत नाही.''

दोस्तहो, हे वाक्य लक्षात ठेवा. आज मी एवढ्याचसाठी आलोय.

आपला देश माणूस टक्क्यांत मोजतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं घेतली, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होती. पण नोकरीतलं आरक्षण, बहुतेक सवलती, योजना, सगळं चाळीस टक्क्यांच्या उंबऱ्याआत. एकोणचाळीसवाला बाहेर. जातीय अत्याचारात कुणाला कायमचं लुळं केलं तर अ‍ॅट्रॉसिटीच्या नियमांत २०१६ सालच्या दुरुस्तीनं दर ठरवलेत. शंभर टक्के अपंगत्व आलं तर सव्वाआठ लाख, पन्नासच्या वर असेल तर साडेचार लाख, पन्नासच्या खाली असेल तर अडीच लाख. पन्नासच्या त्या रेघेवर एकेका टक्क्याची किंमत दोन लाख होते. गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसासाठी सुप्रीम कोर्टानं २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं की मेला तर ३० लाख, कायमचा निकामी झाला तर किमान २० लाख, इतर अपंगत्वाला किमान १० लाख. 'कायमचा निकामी' की 'इतर', हे पुन्हा कुणीतरी कागदावर लिहिणार. तो लिहिणारा गटारात उतरलेला नसतो.

आणि गंमत बघा. त्याच हाताला भरपाईच्या कायद्यातला तक्ता पन्नास टक्के देतो. एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची ताकद पन्नास टक्के गेली, असं तिथं छापलंय. हात एकच. या खिडकीवर पन्नास, त्या खिडकीवर चाळीसच्या आत. दवाखान्याचा टक्का शरीराचा असतो, भरपाईचा टक्का कमाईचा. हा फरक मला कुठल्या पुढाऱ्यानं नाही सांगितला. वडगावच्या कोर्टात सांगितला, आणि फुकट सांगितला.

वडगाव मावळच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथं मी पहिल्यांदा गेलो तो भांडायच्या तयारीनं. मला वाटायचं फुकट वकील म्हंजे फुकट धान्यासारखा, खडे असलेला. थोडे खडे आहेतच. तारखेला न येणारा वकील असतो, वर पैसे मागणाराही असतो. मागितले तर समितीकडं लेखी तक्रार करा, वकील बदलून मागा. पण ही भीक नाही. घटनेत ३९-अ हे कलम १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं घातलं. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून चालू आहे. त्याचं बारावं कलम पाठ करा. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, बाई, मूल, अपंग, कामगार, या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. माझा भाऊ त्यात तीन बाजूंनी बसतो. महार म्हणून, कामगार म्हणून, अपंग म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठंतरी तिप्पट बसला.

साध्या कागदावर अर्ज केला. वकीलबाई मिळाल्या, वयानं आमच्याच एवढ्या. त्यांनी स्टँप पेपर बघितला आणि म्हणाल्या, ''हा कागद रद्दी आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानतच नाही.'' ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम चालू होतं तो मूळ मालक सुटत नाही. पण दावा अपघातापासून दोन वर्षांत घालावा लागतो. आमचे वीस महिने झाले होते. चार महिने उशीर झाला असता तर उशिराची कारणं सांगत बसलो असतो.

मग त्यांनी आकडे मांडले. १२ हजारांचे साठ टक्के, ७२००. पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१. गुणाकार येतो १५ लाख ६१ हजार ७५२. हे शंभर टक्क्यांचे. तक्त्यातल्या पन्नास टक्क्यांनी ७ लाख ८० हजार ८७६. आणि मावशीच्या हातात पडले होते वीस हजार आणि मिठाईचा पुडा. मावशीनं तो पुडा वस्तीत वाटला होता.

वकीलबाईंनी आणखी एक निकाल सांगितला. ओरिसातल्या कोरापुट जिल्ह्यात, जेपूरला श्रीनिवास सबत नावाचा सुतार होता. ६ जुलै १९६८ ला सिनेमागृहात नक्षीचं काम करताना पडला, डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, तक्त्याप्रमाणं सत्तर टक्के. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोर्टानं १९७५ साली सांगितलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून हा माणूस त्या कामापुरता शंभर टक्के गेला. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, हेही सांगितलं. म्हंजे टक्का हाडं मोजून संपत नाही, माणूस काय काम करत होता ते विचारावं लागतं. पण कोर्ट आपणहून विचारत नाही. तिथं साक्ष लागते, डॉक्टर उभा करावा लागतो, प्रेसवर दोन्ही हात कसे लागतात ते दाखवावं लागतं. प्रत्येकाला शंभर मिळत नाहीत. वकील नसला तर पन्नासही नाहीत.

१९२३ चा कायदा आता नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. घाबरू नका, भरपाईचा हक्क, टक्क्यांचा तक्ता आणि दोन वर्षांची मुदत तिथंही आहे. ज्याला ईएसआय लागू आहे त्यानं मात्र ईएसआयकडंच जायचं, दोन्हीकडून घेता येत नाही.

बाबासाहेबांची परळला दामोदर हॉलमध्ये कचेरी होती. बॅरिस्टर माणूस, पण चाळीतला माणूस कागद घेऊन थेट वर जायचा. पुढं १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात त्यांनी मजूर खातं सांभाळलं. आपण त्यांचा फोटो लावतो, कोट निळा रंगवतो. त्या कोटाच्या खिशात कुणाकुणाचे अर्ज होते, ते आपण विचारत नाही.

भावाच्या केसमध्ये त्याची साक्ष झालीय, डॉक्टरची बाकी आहे. प्रमाणपत्राचा आकडा मान्य नसेल तर २०१६ च्या कायद्याच्या ५९व्या कलमाखाली अपील करता येतं, तेही टाकलंय. डाव्या हातानं सही शिकलाय. वाकडी येते, पण अंगठा आता देत नाही.

माझ्या वहीत मावळातली अशी आणखी अकरा नावं आहेत. टाकव्याचा एक, पवनेच्या खोऱ्यातले तीन, बाकी लायनीवरचे. त्यातल्या दोघांची दोन वर्षं या पावसाळ्याआधी संपतात. सोमवारी सकाळच्या लोकलनं मी त्या दोघांना घेऊन वडगावला उतरणार आहे. ज्याला अर्ज लिहिता येतो आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही एवढी ज्याची तयारी आहे, अशी तीन माणसं मला हवीत. हात वर करा, नावं लिहून घेतो.